झाडपाला आणि आपण : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड होता, पावसाळा ओसरतोय आणि घराघरात खोकला सुरू आहे त्यामुळं असेल. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, ज्या प्रश्नात चूक झाली तर माणसाच्या जिवावर येईल ते आधी घेतलेत. नवीन वाचकांसाठी एकदा सांगते, सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागं मी तीस वर्षं काढली आणि माझी आज्जी मेढ्याच्या बाजूला झाडपाल्याचं औषध द्यायची, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीये. पत्रं जागेसाठी छोटी केलीत, नावं छापत नाही.

ताई, घरात चौघांना खोकला झालाय. परड्यात अडुळसा आहे, सासूबाई रोज सकाळी पातेलंभर काढा करतात आणि सगळ्यांना कपकप देतात. माझी जाऊ पाचव्या महिन्यात आहे, तिलापण देतात. चालतंय का? — कराड तालुका

जावेचा कप आजपासून बंद करा आणि मग पुढचं वाचा. अडुळशात व्हॅसिसिन म्हणून एक द्रव्य असतं, ते कफाला जसं मोकळं करतं तसंच गर्भाशयाला आकुंचनही आणतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा कुठल्याच रूपात द्यायचा नाही, काढा नाही, रस नाही आणि दुकानातलं अडुळशाचं सिरपसुद्धा नाही. आत्तापर्यंत प्यायली म्हणून तिला घाबरवून सोडू नका, पण तिच्या डॉक्टरांना सगळं सांगा, आणि ओटीपोटात दुखत असेल किंवा अंगावरून काही जात असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच जा.

आता सासूबाईंचं. त्यांचं ज्ञान खोटं नाहीये हो. कफ पातळ करायचं जे सिरप आपण मेडिकलमधून आणतो त्याच्या लेबलवर ब्रोमहेक्सिन नाहीतर ॲम्ब्रोक्सॉल लिहिलेलं असतं, त्या औषधांचं मूळ या व्हॅसिसिनमध्येच आहे, तेच बदलून कारखान्यात ब्रोमहेक्सिन बनवलं, आणि ॲम्ब्रोक्सॉल म्हणजे ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर जे तयार होतं ते. म्हणजे बांधावरचं हे झाड, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणून आपण कुंपणाला लावतो, ते खोकल्याच्या गोळीचं आजोळच म्हणायचं.

पण पातेलंभर काढा कशाला? आज्जीची पद्धत सांगते. चार-पाच पिकत आलेली पानं धुवायची, एकावर एक रचून मंद तव्यावर ठेवायची, वरून झाकण. पानं मऊ पडली आणि हिरवा रंग काळपट झाला की गरम असतानाच स्वच्छ फडक्यात घालून पिळायची. कच्ची पानं कितीही वाटली तरी त्यातून धड रस निघत नाही, शेकल्यावर मात्र गडद रस पडतो, भयंकर कडू. मोठ्या माणसाला दोन छोटे चमचे, त्यात मध, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. बास.

आणि खोकला दोन आठवडे झाले तरी हटत नसेल तर कुठलाच रस पीत बसायचं नाही, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायची, टीबीची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. माझ्या खिडकीवर असे कितीतरी लोक यायचे की तीन-तीन महिने काढे पीत होते आणि तोपर्यंत घरातल्या पोरांना लागण झालेली असायची. धाप लागणं, थुंकीत रक्त, लहान मुलाच्या श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काहीही दिसलं तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

मी बावीस वर्षांचा आहे, मला घरी टिंक्चर करायचंय. व्हिडिओत बाहेरचे लोक व्होडकात पानं बुडवून ठेवतात. आमच्या घरात दारू चालत नाही तर मेडिकलमधलं स्पिरिट वापरलं तर चालेल का? हळद, तुळस आणि अश्वगंधा असं तिन्हीचं करायचंय. — सांगली

नाही, अजिबात नाही. बरं झालं आधी विचारलंस बाळा. जखम पुसायचं स्पिरिट प्यायचं नसतं, त्यात पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी काहीतरी मिसळलेलं असू शकतं किंवा ते मुळात वेगळंच अल्कोहोल असतं, आणि मिथेनॉल नावाचं विषारी अल्कोहोल पोटात गेलं तर डोळे जातात, माणूसही जातो. थेंब थेंब घेणार म्हणून काही फरक पडत नाही. ती बाटली आणली असशील तर तिच्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि जखमेच्या सामानात ठेव.

टिंक्चर म्हटलं की आमच्या पिढीला आठवतं ते गुडघा फुटल्यावर लावायचं टिंक्चर आयोडीन, ब्राऊन रंगाचं, लावलं की पोरगं बोंबलत सुटायचं. शब्दाचा अर्थ एवढाच की औषधी वस्तूचा अर्क अल्कोहोलमध्ये उतरवलेला. वनस्पतीचं करताना साधारण एक भाग वाळलेलं औषध आणि पाच भाग अल्कोहोल घेतात, दोन ते सहा आठवडे अंधारात ठेवून रोज हलवतात, मग गाळून गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरतात. अल्कोहोल यासाठी की राळ, तेल, कडू द्रव्यं यातलं बरंच काही पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतं, आणि अर्क नासतही नाही. पण यातच धोका पण आहे, काढा कडू लागला की माणूस दोन घोटांत थांबतो, टिंक्चर थेंबात असतं त्यामुळं आपण किती घेतोय हे जिभेला कळतच नाही. आणि घरी केलेल्या बाटलीत नेमकं किती उतरलं हे कुणीच सांगू शकत नाही.

आपल्याकडं हा प्रकार नव्हता असं समजू नकोस. आसव आणि अरिष्ट म्हणजे दुसरं काय? त्यात बाहेरून दारू घालत नाहीत, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून आंबवतात आणि अल्कोहोल आतच तयार होतं, साधारण पाच ते दहा टक्के. तुमच्या तासगावकडच्या द्राक्षांवरून द्राक्षासव लगेच आठवेल. हेही घरी आंबवायला जाऊ नकोस, बुरशी धरली, भांडं चुकीचं निघालं तर सगळं वाया आणि वर पोटाला त्रास. आणि घरात कुणी दारू सोडलेली असेल, लिव्हरचा आजार असेल, लहान मूल असेल तर आसव-अरिष्टाची बाटली देतानाही डॉक्टरांना विचारायचं. दारू सोडायची डायसल्फिराम गोळी चालू असलेल्या माणसाला एवढंसं अल्कोहोलसुद्धा सहन होत नाही, तोंड लाल होतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं.

मग तू काय करायचंस? तुझ्या तीन वस्तूंना अल्कोहोलची गरजच नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही पण तुपा-तेलात विरघळतं, म्हणून तर आपण हळद फोडणीत घालतो आणि रात्री साईच्या दुधात घेतो, वर चिमूटभर मिरी घातली तर हळद जास्त अंगी लागते. तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा हे वासाचे पदार्थ, यांचा काढा खळाखळा उकळायचाच नाही, उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण घट्ट ठेवायचं. स्वयंपाकघरात जो घमघमाट सुटतो ना ते तुझं औषध उडून चाललेलं असतं. मुळ्या, साली, खोडं यांना मात्र उकळावंच लागतं, जुनं माप आहे एक भाग भरडीला सोळा भाग पाणी आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, म्हणजे दहा ग्रॅमला १६० मिली पाणी आणि शेवटी २० मिली काढा. रोज ताजा, शिळा नाही. राहिली अश्वगंधा, ती सुरू करायच्या आधी थायरॉईड तपासलंय का ते मला लिहून कळव, कारण ती थायरॉईडवर परिणाम करते आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर गणित बिघडतं.

करोनापासून रोज सकाळी पेलाभर गुळवेलीचा काढा घेतो, पाच वर्षं होत आली. आता महिनाभर भूक नाही आणि बायको म्हणते डोळे पिवळट दिसतात. गुळवेलीनं तर कावीळ बरी होते ना? — कोरेगाव

दादा, काढा आज थांबवा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, रिपोर्ट येईपर्यंत दुसरंही कुठलं चूर्ण नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झालेली पाहिली आणि २०२१ मध्ये ते छापलं. नंतर देशातल्या १३ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून असे ४३ पेशंट मांडले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, गुळवेलीसारखीच दिसणारी तिची दुसरी जात लोकांनी घेतली असावी. दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवल्या. माझं स्वतःचं मत असं की गुळवेल वाईट नाही पण ती तापात आठ-दहा दिवस घ्यायची गोष्ट आहे, पाच वर्षं पेलाभर प्यायची नाही. आपल्याच प्रतिकारशक्तीनं आपल्याच अंगावर उठायचे जे आजार असतात, काही थायरॉईड, संधिवात, सोरायसिस, तशा माणसांनी तर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोष्टींपासून लांबच राहावं. आणि टेस्टच्या वेळी गुळवेलीचं सांगायला लाजू नका. लोक डॉक्टरांपुढं झाडपाल्याचं बोलत नाहीत, मग डॉक्टर भलतंच शोधत बसतात आणि पेशंटचा वेळ जातो.

हळदीच्या गावात राहून हळदीच्या कॅप्सूल विकत घ्यायला कसंतरी वाटतं, पण गुडघे दुखतात म्हणून मुलानं पाठवल्यात. मिस्टरांनापण द्याव्या का, त्यांची बायपास झालीय, रक्त पातळ करायची गोळी आहे. — सांगली

मिस्टरांना नाही. कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन दाबून भरलेलं असतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते गेलं तर रक्तस्राव वाढू शकतो. भाजी-आमटीतली हळद मात्र दोघांनी बिनघोर खा. तुम्हाला पित्ताशयात खडे नसतील तर डॉक्टरांना विचारून महिनाभर घेऊन बघा, गुडघ्याला फरक नाही पडला तर बंद. हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली हळद बघत मोठ्या झालेल्या माणसाला हळदीचं काय सांगायचं, तरी एक आठवण करून देते, जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने पुरावे काढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सुट्टी पूड खूपच भडक पिवळी दिसली तर घेऊ नका, रंग मारलेली असू शकते, आपण हळकुंडं आणून दळून घ्यावीत.

माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई रोज गुटी उगाळून देतात, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ आणि वरून मधाचं बोट. मला भीती वाटते पण बोलता येत नाही, त्या म्हणतात आमची चार पोरं याच्यावरच वाढली. मी काय करू? — मिरज

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंना हे पान वाचायला दे, तुझ्याऐवजी मी बोलते त्यांच्याशी.

काकू, तुम्ही ती सहाण धुऊन पुसून ठेवता, एकेक वस्तूचे वेढे मोजून उगाळता, कुठल्या महिन्यात कशाचे किती वेढे हे तुम्हाला पाठ आहे. हे माप सांभाळणं सोपं नाही, मी मान देते त्याला. पण वेढ्याचं माप हाताच्या जोरावर असतं, कधी दाट उगाळलं जातं कधी पातळ, आणि बाळ चार-पाच किलोचं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगून पडतं, आपल्याला वाटतं शांत झोपलंय. वेखंडानं तान्ह्या बाळांना जोराच्या उलट्या झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलंय. आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्याला त्यांचा त्रास होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही. सहाण आणि पाणी कितीही स्वच्छ ठेवलं तरी जुलाब लागायची भीती असतेच. सहा महिने निव्वळ आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, यानंच बाळाचं पोट नीट राहतं.

तुमच्या हाताची गरज संपलेली नाही काकू. बाळाला तेल लावणं तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही, ते तुम्हीच करा. पोट फुगलं, रडतंय तर पाय पोटाशी दुमडून हळूहळू सायकलसारखे फिरवा. ओव्याची पुरचुंडी शेकायची असेल तर आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, कोमट लागली तरच, कपड्यावरून. आणि सुनेला अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, जेवणानंतर बाळंतशेप द्या, तुमचं औषध तिला द्या, बाळाला दूध तिच्याकडून मिळेल.

भजनीमंडळात गातो, आवाजासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची काडी तोंडात असते. बीपीची गोळी चालू आहे तरी बीपी १६० च्या खाली येत नाही. — फलटण

तुमची काडीच गोळीच्या विरोधात काम करत असेल. माझ्या आईचं अगदी हेच झालं. तिचा घसा कायम कोरडा, कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं ज्येष्ठमध सुरू केला, पदराच्या गाठीला काडी बांधलेलीच असायची. तीनेक महिन्यांत पाय सुजायला लागले. चप्पल घालताना पट्टा चढेना, अंगठ्यानं नडगीवर दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, आणखी एक वाढवली. मी रोज शेकडो लोकांना गोळ्या देत होते आणि घरातल्या गाठीकडं माझं लक्ष नव्हतं. एके दिवशी तिचे पायच उचलेनात, रक्त तपासलं तर पोटॅशियम खूप खाली. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. काडी बंद केली, पोटॅशियम भरून काढलं, काही आठवड्यांत सूज उतरली, एक गोळी कमी झाली.

युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर ग्लिसरायझिन नको असा सल्ला आहे, आणि चार-पाच ग्रॅम काडीत तेवढं सहज जातं. तेव्हा काडी बंद, दोन-तीन आठवडे रोज बीपी लिहून ठेवा आणि वही घेऊन डॉक्टरांकडं जा, गोळी मनानं कमी करू नका. पोटॅशियम तपासून घ्या, हृदयाच्या ठोक्यांशी त्याचा संबंध असतो. आवाजासाठी भजनाआधी कोमट पाणी, वाफ, खडीसाखर, आणि डायबेटिस असेल तर खडीसाखरही नको.

पुरानंतर गावात काविळीची साथ आहे. भावाला एका माणसाकडं नेलं, त्यानं नाकात कडू थेंब सोडले, नाकातनं पिवळं पाणी वाहिलं, म्हणाला कावीळ निघाली. गळ्यात माळ बांधलीय, ती रोज लांब होतेय. बरं होतंय ना? — पलूस तालुका

नाकातलं पाणी आणि कावीळ यांचा संबंध नाही. ते थेंब देवडांगरीचे नाहीतर कडू दोडक्याचे असतात, इतके जहाल की नाकाची आतली त्वचा सोलते आणि पाणी वाहतं, निरोगी माणसाच्या नाकात टाकले तरी तसंच वाहील. माळेच्या काड्या ओल्या असताना बांधतात, त्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. पुराच्या पाण्यानं जी कावीळ येते ती बहुतेक हिपॅटायटिस ए किंवा ई, बरेच जण विश्रांतीनं आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला जातं. भुईआवळीचा रसही लोक घेतात, तो घेतला म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. भाऊ बरळायला लागला, दिवसा झोपून राहिला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्याकडं सगळ्यात आधी बघा, हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो. पाणी उकळून, सगळ्यांनी.

आमच्या रानातनं नरक्याची झाडं तोडून द्या म्हणून एकजण येतोय, किलोवर पैसे देतो म्हणतो. घरी उगाळून घेतला तर कॅन्सरला चालतो असंपण सांगत होता. — जावळी तालुका

नरक्यात कॅम्पटोथेसिन असतं हे खरं, त्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं बनतात. पण ती शुद्ध करून, माणसाची उंची-वजन धरून, दर वेळी रक्त तपासून सलाईनमधून देतात, तरी पांढऱ्या पेशी खाली येतात. सहाणेवर उगाळलेल्या नरक्यात किती विष आहे ते कोण मोजणार? कुणालाही देऊ नका, ज्याचा कॅन्सर आहे त्याला तर मुळीच नाही. आणि सह्याद्रीत या झाडाची चोरटी तोड इतकी झालीय की काही ठिकाणी नावापुरतं उरलंय, लाकूड बाहेर जातं, गावाच्या हातात चार पैसे आणि पोलीस केस. रान तुमच्या मालकीचं असलं तरी तोडायला आणि वाहतुकीला वनविभागाची परवानगी लागते. तो माणूस पुन्हा आला तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला कळवा, टोल फ्री आहे.